आधी मिटायचा, मग उठायचं

छायाच्या कलमाच्या चाकूला घरात तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे. कडावच्या थोडं पुढं, रस्त्याला लागूनच तिची रोपवाटिका होती. वर हिरवी जाळी, खाली ओळीनं मांडलेल्या काळ्या पिशव्या, त्यांत आंबा, चिकू, फणस. लग्नानंतर ती एका शिबिरात कलम बांधायला शिकली होती, आणि आता कर्जत-खालापुरात घरं बांधणारी माणसं झाडं न्यायला तिच्याकडे येत. नवरा राजेश रसायनीच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. सासू विमलबाई पिशव्यांत माती भरायची, पाणी घालायची आणि गिऱ्हाइकाशी भाव करायची.

मुलगा रुद्र नऊ वर्षांचा. चौथीची परीक्षा झाली त्या दिवशी तो दप्तर टाकून सरळ जाळीखाली आला.

"आई, मला चाकू पायजे. खिशात मावणारा. मिटणारा."

"कशाला?"

शेजारच्या कुणाकडे आहे म्हणून, असं तो म्हणाला असता तर छायानं विषय तिथंच संपवला असता. पण रुद्र तिच्या हाताकडे बघत होता. ती वाळल्या फांद्या छाटत होती.

"काडी तासायला," तो म्हणाला. "तू तासतेस तशी."

विमलबाईनं मातीचं घमेलं खाली ठेवलं. "ऐकलं का गं? दुधाचे दात पडले नाय अजून सगळे, नि चाकू पायजे. बोट तोडून घेल, मग बस रडत."

संध्याकाळी राजेश कंपनीच्या बसनं उतरून घरी आला, तेव्हा चहाबरोबर छायानं विषय काढला. राजेश प्लांटच्या सेफ्टी कमिटीवर होता. घरात गॅसची नळी तोच बदलायचा, आणि स्कूटरवर हेल्मेट नसेल तर छायाला गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा जाऊ द्यायचा नाही.

"नाय," तो म्हणाला.

"ऐकून तर घ्या."

"ऐकायचं काय त्यात? लहान पोर हाय. चाकू म्हंजे खेळणं नाय."

"तेच म्हणते मी. खेळणं नाय. घरात विळी हाय, कोयता हाय, तुमच्या दाढीचं ब्लेड हाय. आज ना उद्या त्याचा हात लागणारच हाय. कुणी न शिकवता लागला तर?"

राजेशनं चहा संपवला, बूट काढले, मोरीवर जाऊन हातपाय धुतले. बाहेर आला तेव्हा टॉवेल खांद्यावर तसाच होता.

"बरं," तो म्हणाला. "कापायला तू शिकव. पण त्याच्या आधी, कापल्यावर काय करायचं ते मी शिकवणार. ते आल्याशिवाय चाकू नाय."

रविवारी राजेश ओटीवर आडवा झाला आणि त्यानं हात लांब केला. "समज, माझ्या हाताला लागलंय. भळाभळा रक्त येतंय. काय करशील?"

"पप्पा, तुमी हसताय," रुद्र म्हणाला.

"आता नाय हसत. बोल. पयलं काय?"

"तुमच्याकडं धावणार."

"चूक. पयलं तुझ्या हातात जे हाय ते मिट. आमच्याकडं आधी मशीन बंद करतात, मग माणसाकडं बघतात. एक जखम झाली की दुसरी व्हायला नको. मग?"

मग स्वच्छ फडकं घ्यायचं, जखमेवर ठेवून जोरात दाबायचं, हात वर धरायचा. उघडून उघडून बघायचं नाही. आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. राजेश पाच-सहा वेळा मेला आणि पाच-सहा वेळा वाचला. शेवटी विमलबाई म्हणाली, "उठ रं आता, भरल्या घरात असं पडू नये." पण राजेशनं त्याला आणखी दोनदा करायला लावलं, एकदा डोळे मिटून.

राजेशचं झाल्यावर छायाची पाळी आली. तिनं लगेच खरा चाकू दिलाच नाही. बांबूची एक कामटी घेतली, ती तासून चाकूच्या पात्यासारखी केली, आणि विमलबाईच्या करंड्यातलं कुंकू खोबरेल तेलात कालवून त्या कामटीच्या धारेला लावलं.

"हा तुझा चाकू. यानं ही फांदी तासायची. तासून झालं की मला हात दाखवायचा. जिथं लाल लागलंय तिथं खऱ्या चाकूनं कापलं असतं."

पहिल्या दिवशी रुद्रनं हात पुढं केला तेव्हा विमलबाईनं कपाळाला हात लावला. अंगठा लाल, तर्जनी लाल, तळहातावर एक लांब ओढ, आणि गुडघ्यावरसुद्धा एक ठिपका.

"गुडघ्याला कसं लागलं?" छायानं विचारलं.

रुद्रनं विचार केला. "फांदी मांडीवर धरली होती."

"मग कुठं धरायची?"

"इकडं. बाजूला."

त्यांची पहिली अडचण वेगळीच होती. रुद्र डावखुरा होता. छाया शेजारी बसून दाखवायची तेव्हा त्याचं सगळं उलटं व्हायचं, आणि तो नकळत चाकू उजव्या हातात घ्यायचा. मग कामटी घसरायची आणि हात लाल व्हायचा. विमलबाई म्हणायची, "उजव्यानंच शिकू दे की. देवाचं सगळं उजव्या हातानं असतं." छायाला एके दिवशी सुचलं. ती उठली आणि त्याच्या समोर जाऊन बसली, आरशात बसल्यासारखी. तिच्या उजव्या हातासमोर त्याचा डावा हात आला. ती जसं करी तसं तो करी. त्या संध्याकाळी त्याच्या फक्त एका बोटावर रंग होता.

मे महिना असा कुंकवात गेला. "माझा करंडा रिकामा केला या मायलेकांनी," विमलबाई येईल त्याला सांगायची, पण नवीन कुंकवाची पुडी तिनंच आणली. आणि मग सलग काही दिवस असे आले की रुद्र हात पुढं करी, पालथा करी, पुन्हा उताणा करी, आणि त्यावर काहीच नसे.

"चल," छाया एका सकाळी म्हणाली. "कर्जतला जाऊ."

बाजारपेठेत जगदीशशेठचं शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. दारात विळे टांगलेले, आत फवारणीचे पंप आणि पाइपांची भेंडोळी. छाया त्यांची जुनी गिऱ्हाईक. तिनं काय हवं ते सांगितलं, तसं जगदीशशेठनं काचेखालचा ट्रे काढून पुढं ठेवला.

रुद्रची नजर पहिल्यांदा काळ्या चाकूवर गेली. त्याच्या मुठीवर वाघाचं तोंड होतं आणि पात्याला करवतीसारखे दात. छायाला वाटलं, आता हा तोच मागणार. पण ती "उघडून बघ," एवढंच म्हणाली.

रुद्रनं बटण दाबलं. पातं खटकन बाहेर आलं आणि तो दचकला. त्यानं तो मिटला, पुन्हा हळूच दाबला, पुन्हा खटकन.

"आई, मी तयार व्हायच्या आधीच उघडतो हा," तो म्हणाला आणि त्यानं तो ट्रेमध्ये परत ठेवला.

जगदीशशेठ हसले. दुसरा पुढं केला. त्यात कात्री होती, पेचकस होता, बाटली उघडायचं होतं. "हे बघ, सगळं एकात."

रुद्रनं एक एक काढून बघितलं. मग पातं काढलं आणि आईकडून शिकला होता तसं बोटाच्या चिमटीत धरून हलवलं. ते डुगडुगत होतं. छायानं मान हलवली, तसा तोही गेला.

तिसरा चांगला होता, लाकडी मुठीचा, घट्ट. पण पातं बाहेर ओढायची खाच उजव्या हातवाल्याच्या अंगठ्याला सोयीची होती. रुद्रनं डाव्या हातानं तीन-चार वेळा प्रयत्न केला. नख घसरत होतं.

"डावरा हाय काय?" जगदीशशेठ म्हणाले. "मग उजव्यानं उघडायला शिकव की त्याला. सगळे तसंच उघडतात."

"सगळ्यांचा हात उजवा हाय, शेठ," छाया म्हणाली. "याचा डावा हाय. याच्या हाताला बसेल असा दाखवा."

जगदीशशेठनं तिच्याकडे बघितलं, मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा पुठ्ठ्याचा खोका काढला. त्यात तळाला एक साधा चाकू होता. फिकट लाकडाची मूठ, पात्याला आरपार एक गोल भोक, म्हणजे कुठल्याही बाजूनं अंगठा घालून उघडता येईल असं. आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडाची एक कडी. ती फिरवली की पातं अडकून बसायचं, मग ते बोटावर मिटायची भीती नाही.

रुद्रनं अंगठा भोकात घातला. पातं जरा जड होतं. त्यानं ओठ आवळले आणि ते हळूहळू, त्याच्या मनाप्रमाणे, उघडलं. त्यानं कडी फिरवली. पात्याची पाठ काउंटरवर दाबून बघितली. मिटलं नाही.

"हा," तो म्हणाला.

छायानं चाकू हातात घेतला, दुकानाबाहेर धार लावणारा बसला होता त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "याचं टोक घासून गोल करून द्या."

"आई!" रुद्रचे डोळे भरले. "टोक कशाला घालवतेस?"

"टोक कशाला लागतं?"

"भोसकायला."

"तुला कुणाला भोसकायचंय?"

"कुणाला नाय. काडी तासायची हाय."

"काडी धारेनं तासतात."

रुद्र चाकाकडे वळला. चाकावर ठिणग्या उडाल्या, त्या त्यानं शेवटपर्यंत बघितल्या. परत येताना टमटममध्ये त्याची मूठ सगळा वेळ खिशात होती, पण त्यानं चाकू एकदाही बाहेर काढला नाही. छाया मुद्दाम बाहेर भातखाचरांकडे बघत बसली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या खिशाकडे.

घरी आल्यावर नियम झाले. बसून उघडायचा. उघडायच्या आधी हात चारी बाजूंनी फिरवून बघायचा, हाताच्या टप्प्यात कुणी असेल तर उघडायचा नाही. अंगाच्या बाहेर कापायचं. दुसऱ्याला द्यायचा तर मिटून द्यायचा. शाळेत न्यायचा नाही, कधीच. हातातून पडला तर धरायला जायचं नाही. "पडला तर पडू दे," छाया म्हणाली. "दगडावर धार गेली तर पुन्हा लावता येते. बोट पुन्हा लावता येत नाय." आणि सगळ्यात शेवटचा, जो ती रोज म्हणायची, इतका की विमलबाईलासुद्धा पाठ झाला: आधी मिटायचा, मग उठायचं.

नियम मोडला तर चाकू आठ दिवस छायाच्या हत्यारांच्या पेटीत.

पहिल्या आठवड्यात त्याला एकदा लागलं. अंगठ्याला छोटीशी चीर. त्यानं कडी सोडवली, चाकू मिटला, फडकं दाबलं आणि हात वर धरून, शाळेत बोट वर करतात तसा, आईकडे आला. राजेशनं संध्याकाळी पट्टी सोडून बघितली आणि "ठीक हाय" म्हणाला. रात्री जेवताना त्यानं रुद्रच्या ताटात आपल्या वाटणीची मच्छीची तुकडी टाकली.

त्यानंतर शाळा सुरू झाली, पाऊस लागला. एका दुपारी छाया जाळीखाली खत घालत होती, तेव्हा रुद्र आला आणि त्यानं चाकू तिच्या पेटीत ठेवून पेटीचं झाकण लावलं.

"काय झालं?"

"मी उघडाच घेऊन उठलो. कोंबडी पिशव्यांत घुसली होती, तिला हाकलायला."

"लागलं काय?"

"नाय."

"मी तर बघितलं नाय," छाया म्हणाली.

"मी बघितलं ना," रुद्र म्हणाला आणि घरात गेला.

छायानं खताचा डबा खाली ठेवला. मग ती चुलीपाशी विमलबाईकडे गेली आणि तिनं ते जसंच्या तसं सांगितलं. विमलबाईनं भाकरी थापता थापता दोन्ही हात थांबवले. "आपल्या घरातलंच हाय ना गं ते?" ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

श्रावणात कलमांचे दिवस आले. कोयी रुजून रोपं तांबूस पानांवर आली होती. त्यांच्यावर बांधायला चांगल्या हापूसच्या काड्या हव्या होत्या. डोंगराच्या पायथ्याला आबाजींची जुनी बाग होती. आबाजी दरवर्षी छायाला काड्या काढू देत. त्या दिवशी ते लेकीकडे नेरळला गेले होते, पण सांगून ठेवलं होतं, "जा, काढ." रविवार होता, राजेशला ड्युटी होती. छाया रुद्रला स्कूटरवर मागं बसवून निघाली.

पाऊस थांबला होता, पण झाडं गळत होती. छाया पुरुषभर उंचीवरच्या बेचक्यात चढून काड्या कापून खाली टाकत होती. रुद्र खाली ओल्या गोणपाटावर बसून आपल्या चाकूनं काड्यांचे देठ साफ करत होता आणि जुड्या लावत होता. त्याच्या जुड्या सारख्या लांबीच्या होत होत्या. छाया वरून बघत होती.

तिच्या चाकूची मूठ ओली होती. ती एक फांदी वाकवायला गेली आणि चाकू उजव्या हातातून निसटला. इतक्या वर्षांत तिच्या हातून तो कितीतरी वेळा पडला होता आणि प्रत्येक वेळी तिनं तो पडू दिला होता. या वेळी का कोण जाणे, खाली रुद्र होता म्हणून असेल, तिचा डावा हात पुढं झाला. पातं तळहातात, अंगठ्याच्या खाली घुसलं आणि चाकू खाली गवतात पडला.

ती कशीबशी उतरली आणि झाडाला टेकून बसली. रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

"आई!"

"घाबरू नको," ती म्हणाली, पण तिचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

रुद्र उठला नाही. ती बघत होती आणि तिला कळेना हा काय करतोय. त्यानं कडी सोडवली, पातं मिटलं, चाकू खिशात घातला. मग उठला. मग गवतात पडलेला तिचा चाकू शोधला, तोही मिटला आणि पिशवीत टाकला. मग तिच्याकडे आला. तेव्हा तिला कळलं.

भाकरी बांधलेलं सुती फडकं डब्यावर होतं, धुतलेलं. त्यानं ते घडी करून जखमेवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. "हात वर, आई. अजून वर." त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण दाब ढिला झाला नाही. "हिरूमावशी!" तो ओरडला. खालच्या वाटेनं हिरू जाताना त्यांनी मघाशी बघितली होती. ती वरच्या ठाकरवाडीतली, रानातली करटोली गोळा करायला निघाली होती. "हिरूमावशी, इकडं या! आईला लागलंय!"

कुठूनतरी ओ आली. पण ती येईपर्यंत फडकं लाल झालं. रुद्रनं ते काढलं नाही. वरून छायाच्या ओढणीचा पदर घडी करून ठेवला. "तू दाब, उजव्या हातानं," तो म्हणाला. मग तो खाली बसला, खिशातून चाकू काढला, इकडे तिकडे हात फिरवून बघितला. छायाला एवढ्यातही हसू येईल की काय असं झालं. कलम बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीचं भेंडोळं पिशवीत होतं. त्यानं त्यातून एक लांब तुकडा कापला, चाकू मिटला, आणि ती पट्टी फडक्यावरून, खालून वर, एकावर एक वेढे घेत, कलम बांधतात तशी ओढून बांधली.

हिरू टोपली टाकून धावत आली. तिनं छायाला आपल्या खांद्याला टेकवलं. "तू पळ रं, रस्त्यावर. दुधाचा टेंपो यायची येळ हाय. मी हाय इथं."

रुद्र पळाला. पदूचा टेंपो डेअरीचे कॅन घेऊन वळणावर आला तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक पोरगा दोन्ही हात वर करून उभा होता, शर्टावर रक्त. पदूनं करकचून ब्रेक मारला. "कुणाला लागलंय रं?"

"आईला. झाडाखाली हाय. रक्त थांबतंय, पण टाके लागतील."

हे पदू पुढं महिनाभर सगळ्या कडावात सांगत होता. टाके लागतील, असं म्हणाला म्हणे. एवढंसं पोर.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडायला घेतली आणि थांबल्या. "हे कुणी बांधलं? प्लास्टिक?"

"माझ्या मुलानं," छाया म्हणाली. "आमी कलमं बांधतो."

"जरा जास्तच आवळलंय. बोटं थंड पडलीत, बघा. आणखी उशीर झाला असता तर त्रास झाला असता." त्यांनी दाराशी उभ्या रुद्रकडे बघितलं. "पण रक्त थांबलंय. पुढच्या वेळी जरा सैल, हं का?"

"हो," रुद्र गंभीरपणे म्हणाला.

राजेश ड्युटीवरून थेट दवाखान्यात आला, अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच. टाके झाले होते, हाताला मोठं बँडेज होतं. त्यानं आधी छायाचा चेहरा बघितला, मग तिचा हात, मग बाकावर बसलेल्या पोराकडे वळला. तो त्याच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"सांग."

"पयलं माझा मिटला," रुद्र म्हणाला. "मग आईचा मिटला. मग फडकं. मग..."

"थांब. माझा मिटला म्हंजे? आईला रक्त येत होतं आणि तू..."

"तुमीच सांगितलं ना? आधी मशीन बंद."

राजेशनं रुद्रचा डावा हात हातात घेतला आणि उलटापालटा करून बघितला, जणू त्यालाच काही लागलंय का ते बघतोय. "आमच्याकडं मोठी मोठी माणसं," तो शेवटी म्हणाला, "ट्रेनिंग झालेली, पयलं धावतात." तो उठून पाणी आणायला बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. नंतर पदूनं सांगितलं, की राजेश टेंपोला टेकून शिफ्टमधल्या मित्रांना एकेक करून फोन लावत होता.

घरी आल्यावर विमलबाईनं तांदळाच्या पिठाचा दिवा लावून पोरावरून ओवाळलं. मग ती सुनेकडे वळली. "आणि पडता चाकू कुणी धरला गं?"

"मी," छाया म्हणाली.

"आठ दिवस पेटीत," रुद्र म्हणाला. तो चेष्टेनं म्हणाला नव्हता. छायानं उजव्या हातानं आपला चाकू पिशवीतून काढला आणि पेटीत ठेवला.

पण काड्या थांबणाऱ्या नव्हत्या. हिरूनं जुड्या गोणपाटात गुंडाळून टेंपोत ठेवल्या होत्या. दोन-चार दिवसांत बांधल्या नाहीत तर वाळून जाणार, आणि रोपंही कलमाच्या वयापुढं जाणार. छायाचा एक हात बांधलेला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर रुद्र जाळीखाली आला आणि स्टूल ओढून आईच्या समोर बसला.

"सांग," तो म्हणाला. "मी बांधतो."

छायानं त्याच्या चाकूला धार लावून घेतली, विमलबाईला दगड धरायला सांगून. मग सुरुवात झाली. विमलबाई रोप धरायची, छाया सांगायची, रुद्र कापायचा. रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची. काडीला दोन्ही बाजूंनी तास द्यायचा, पाचरीसारखी करायची. चिरेत बसवायची, साल सालीला लागली पाहिजे. मग पट्टी.

पहिली वाया गेली. चीर वाकडी. दुसरीचा तास लांब झाला. तिसरीला रोपच मोडलं आणि रुद्रनं चाकू मिटून खाली ठेवला, तोंड फिरवून बसला. विमलबाईनं दुसरी पिशवी पुढं सरकवली. "ह्या पिशव्यांत माती मी भरलीय, माहितीय ना? माझी मेहनत वाया घालू नको. बस."

तो पुन्हा बसला. अंधार पडेपर्यंत काही बांधून झाली, काही वाया गेली. पुढच्या दिवशी वाया कमी गेली. राजेशनं सुट्टी घेतली होती. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं तरी तो बांधलेल्या पिशव्या उचलून सावलीच्या कोपऱ्यात लावत होता, एकेक दोन्ही हातांनी, हलवल्याशिवाय.

त्यानंतर वाट बघणं. बऱ्याच काड्या काळ्या पडल्या. छायानं रुद्रला आधीच सांगितलं होतं, तिच्याही सगळ्या कधी लागल्या नव्हत्या. तो रोज शाळेत जायच्या आधी कोपऱ्यात जाऊन यायचा आणि काही न बोलता दप्तर उचलायचा. गणपती येऊन गेले. एका सकाळी तो परत आलाच नाही. छाया बघायला गेली. तो पिशव्यांमध्ये उकिडवा बसला होता. एका काडीच्या टोकाला कोंब फुटला होता. तांबडा, चकचकीत, नखाएवढा. शेजारच्या एकीचा डोळा फुगला होता. त्या पलीकडे आणखी एक.

"आत्याबाई!" छायानं हाक मारली. "अहो! इकडं या सगळे!"

विमलबाई पिठाच्या हातानं आली, राजेश अर्धी दाढी केलेला आला. राजेशनं बोट पुढं केलं.

"हात नका लावू, पप्पा," रुद्र म्हणाला. "कोवळं हाय."

राजेशनं बोट मागं घेतलं.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर ती झाडं गुडघ्याएवढी झाली. छायानं ती वेगळी ठेवली होती. भिवपुरीजवळ घर बांधलेली एक बाई नवऱ्याबरोबर आली, सगळी रोपं फिरून बघितली आणि नेमकी त्याच कोपऱ्यात थांबली.

"ही द्या."

"ती विकायची नाय," छाया म्हणाली.

"दे की, आई," रुद्र म्हणाला. तो जुन्या पिशव्या कापत बसला होता. त्यानं चाकू मिटला, उठला आणि त्यातलं एक झाड दोन्ही हातांनी उचलून त्या बाईंपुढं धरलं. "हे चांगलं हाय. पण लावताना हा जोड मातीच्या वर ठेवा. आत पुरला तर कुजतो."

बाईंनी वाकून तो जोड बघितला, जिथं काडी आणि रोप एक झालं होतं तो जाडसर गाठीसारखा भाग. "छान बसलाय," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे कलमं कोण बांधतं?"

छायानं रुद्रकडे बघितलं. तो झाडाची पिशवी खालून तपासत होता, फाटली तर नाही ना म्हणून.

"मी बांधते," ती म्हणाली. "आणि हा बांधतो."